मोटारीच्या इंजिनांतील झडप

सुशिक्षित मंडळींत एक समजूत बरीच रूढ आहे. मोटारीच्या इंजिनांत क्रांति घडवून आणील असा शोध कोणी तरी कधींच लावून ठेविला आहे, परंतु बड्या कारखानदारांनीं तो विकत घेऊन कपाटांत कुलूपबंद केला आहे, अशी ती समजूत. मोटारीचा आकार, दिवे, ब्रेक, चाकें सर्व कांहीं पालटलें. मग इंजिनांत ताजें मिश्रण आंत घेणारी आणि जळलेला वायु बाहेर सोडणारी जी झडप, ती मात्र सव्वाशें वर्षांपूर्वीं होती जवळजवळ तशीच कां, असें कोणी विचारलें म्हणजे उत्तरादाखल ही कपाटाची कथा पुढें करण्यांत येते. कथा चटकदार आहे. परंतु निदान या झडपेपुरती तरी ती खरी नाहीं, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा इतिहासांतच आहे. या झडपेला पदच्युत करण्यासाठीं मोठमोठ्या कारखान्यांनीं पैसा ओतला, राजेरजवाड्यांनीं तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या गाड्या वापरल्या, आणि एका महायुद्धांत सैनिक त्या प्रतिस्पर्ध्याच्या भरवशावर रणांगणावर गेले. कपाट सताड उघडें होतें. तरीही जुनी झडप टिकली, ती कां, हें पाहण्यासारखें आहे.

दिसावयास ही वस्तु अगदीं साधी. एक लांब बारीक दांडी आणि तिच्या टोंकाला जुन्या चांदीच्या रुपयाएवढी तबकडी. उलटी धरली तर भुईछत्रासारखी दिसावी. तबकडीची कड तिरकी घांसलेली असते व ती तशाच तिरक्या घांसलेल्या कडेवर, म्हणजे बैठकीवर, बसते. दांडीभोंवतीं असलेली स्प्रिंग तिला बंद ठेविते, आणि कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरील उंचवटा तिला योग्य क्षणीं ढकलून उघडतो. इतकेंच तिचें काम. परंतु हें काम किती वेळां करावयाचें याचा हिशेब केला म्हणजे तिच्याविषयीं आदर वाटूं लागतो. चार टप्प्यांच्या इंजिनांत दोन फेऱ्यांमागें प्रत्येक झडप एकदां उघडते. इंजिन मिनिटाला सरासरी अडीच हजार फेरे घेत आहे असें धरल्यास तीन तासांच्या प्रवासांत एकेक झडप सव्वादोन लक्ष वेळां उघडते व मिटते. त्यांतही धूर सोडणाऱ्या झडपेची स्थिति अधिक बिकट. तिच्या अंगावरून जळता वायु जातो, तिचें तोंड सातशें अंश सेंटिग्रेडच्याही पुढें तापतें, आणि तिला थंड होण्यास मुख्य मार्ग एकच: मिटलेली असतांना बैठकीला टेंकून अंगांतील उष्णता तिला देऊन टाकणें. ही टेंकण्याची जागा एकदोन मिलिमीटर रुंदीची असते. तेथें कोळशाचा एक कण जरी अडकला तरी उष्णतेची वाट बंद होते, ज्वाला त्या फटींतून घुसते, आणि झडपेची कड वितळून खांच पडते.

अशा नाजूक वस्तूवर इतका भरंवसा कां ठेवावा? याचें उत्तर स्वयंपाकघरांत सांपडतें. ज्या प्रेशर कुकराचें झाकण आंतून बसतें त्याची कल्पना श्रोत्यांतील गृहिणींना आहेच. असें झाकण वाफेच्या दाबानें उडत नाहीं. उलट दाब जितका वाढेल तितकें तें अधिक घट्ट बसतें, आणि वाफ ओसरेपर्यंत काढूं म्हटलें तरी निघत नाहीं. इंजिनाची झडपही अशीच आंतून बसविलेली असते. पेट्रोल पेटतें तेव्हां नळकांड्यांत दर चौरस सेंटिमीटरवर पन्नास किलो किंवा त्याहूनही अधिक दाब उत्पन्न होतो. रुपयाएवढ्या तबकडीवर तो साडेतीनशें किलोंच्या घरांत जातो. स्प्रिंगचा जोर याच्यापुढें कांहींच नव्हे. म्हणजे ज्या क्षणीं झडप घट्ट मिटलेली असणें सर्वांत अवश्य आहे, त्याच क्षणीं स्फोट स्वतःच तिला मिटून धरतो. शत्रूच्याच हातून दार लावून घेण्याची ही युक्ति आहे. तिला तेल नको, नाजूक जुळणी नको, कीं बाहेरचें बळ नको. झडप थोडी झिजली तरी ती थोडी खालीं बसते, पण बसते नीट.

हा गुण सरकणाऱ्या किंवा फिरणाऱ्या झडपेंत नाहीं. तेथें दोन पृष्ठभाग एकमेकांवर घांसत असतात, आणि स्फोटाचा दाब त्यांना एकमेकांवर अशा वेळीं दाबतो कीं ते अडकण्याचा संभव वाढावा. दोहोंमध्यें फट ठेवावी तर वायु निसटतो. फट न ठेवावी तर उष्णतेनें धातु फुगून जाम होतो. घर्षण टाळण्यासाठीं तेल सोडावें तर तें तेल जळून धूर होतो. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सरकती झडप ही कांहीं भविष्यकाळांतील वस्तु नव्हे. वाफेच्या इंजिनांत ती सर्रास होती, आणि जर्मनींतील निकोलाउस ओटो यानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें पहिलें यशस्वी इंजिन चालविलें तेव्हां त्यालाही आंत येणाऱ्या वायूसाठीं सरकतीच झडप होती. वेग वाढला, उष्णता वाढली, तेव्हां ती मागें पडली आणि भुईछत्री झडपेनें तिची जागा घेतली. १९०१ सालच्या मर्सिडीस गाडींत विल्हेल्म मायबाखनें दोन्ही प्रकारच्या झडपा कॅमशाफ्टनें उघडण्याची व्यवस्था केली, आणि तिचें आजचें रूप तेथें ठरलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. तत्पूर्वीं मिश्रण आंत घेणारी झडप केवळ दट्ट्याच्या ओढीनें आपोआप उघडत असे.

आतां त्या प्रतिस्पर्ध्याची हकीकत. अमेरिकेंत चार्ल्स येल नाइट नांवाचा एक गृहस्थ होता. तो मूळचा इंजिनियर नव्हे, वृत्तपत्र-व्यवसायांतला. त्याच्या मोटारीच्या झडपा सतत खडखडत, आणि त्या खडखडाटाचा त्याला मनस्वी कंटाळा आला. इतरांनीं कानांत बोळे घातले असते. नाइटनें नवें इंजिन रचलें. नळकांड्याच्या आंत एकांत एक अशा दोन पातळ नळ्या त्यानें बसविल्या. त्या खालींवर सरकत आणि त्यांच्या भिंतींतील भोंकें एकमेकांसमोर आलीं म्हणजे वायूला वाट मिळे. ना स्प्रिंग, ना आदळआपट. १९०६ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत त्यानें आपली ‘सायलेंट नाइट’ गाडी मांडली. अमेरिकेंतील कारखानदारांनीं प्रथम फारसें लक्ष दिलें नाहीं. परंतु इंग्लंडांतील कॉव्हेंट्रीच्या डेम्लर कंपनीनें ती कल्पना उचलली, आणि १९०८ सालीं आपल्या गाड्यांसाठीं नळी-झडपांचें इंजिन जाहीर करून जुन्या झडपेला रजा दिली. १९०९ सालीं रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं दोन इंजिनांची परीक्षा झाली. १३२ तास तीं अखंड पूर्ण भारावर चालविलीं, नंतर तींच गाड्यांत बसवून ब्रुकलंड्सच्या वर्तुळावर सुमारें दोन हजार मैल पळविलीं, आणि उघडून पाहिलीं तों झिजेचें चिन्ह जवळजवळ नाहीं. त्या वर्षींचा ड्युअर चषक डेम्लरला मिळाला. बेल्जममधील मिनर्व्हा, फ्रान्समधील पानार व व्हॉयझां, अमेरिकेंतील विलिस यांनीं याच पद्धतीचीं इंजिनें काढलीं. इंग्लंडच्या राजवाड्यांत डेम्लर गेली, हिंदुस्थानांतील संस्थानिकांच्या गाडीखान्यांतही डेम्लर आल्या. नव्या कल्पनेला याहून मोठा राजाश्रय तो कोणता मिळावयाचा?

परंतु परीक्षेच्या टेबलावर जें दिसत नाहीं तें रणांगणावर दिसतें. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोम नदीच्या रणक्षेत्रांत ब्रिटिशांचे रणगाडे प्रथम उतरले. त्यांत डेम्लरचें नळी-झडपांचें १०५ अश्वशक्तीचें इंजिन होतें, कारण तेवढें मोठें तयार इंजिन तेव्हां दुसरें सुलभ नव्हतें. राजमार्गावर चालणाऱ्या गाडींत थोडें तेल जळलें तर मागें फिकट निळसर धूर दिसतो, त्याचें कोणाला कांहीं वाटत नाहीं. रणगाडा मात्र खंदकांत नाक खुपसून तिरपा उभा राहतो, इंजिन सावकाश चालत असतें, दोन्ही नळ्यांच्या फटींत तेल सांचतें, आणि पुढें सरकण्यासाठीं इंजिनाला जोर दिला कीं त्या सांचलेल्या तेलाचा दाट धूर आकाशांत चढतो. शत्रूच्या तोफखान्याला निशाण दाखविण्याची याहून चांगली सोय नव्हती. आंत बसलेल्या आठ माणसांचे प्राण त्या धुरावर टांगलेले असत.

मग तरुण इंजिनियर हॅरी रिकार्डो याजकडे नव्या इंजिनाचें काम आलें. मुख्य अट एकच होती: धूर दिसतां कामा नये. त्यानें १५० अश्वशक्तीचें इंजिन रचलें, तेल वर चढूं नये म्हणून दट्ट्याची रचनाच बदलली, आणि झडपा घेतल्या त्या जुन्याच, भुईछत्रीच्या. १९१८ सालच्या ‘मार्क फाइव्ह’ रणगाड्यांत हें इंजिन होतें. नळी-झडपेचा हा पहिला मोठा पराभव. मोटारींतही तेलाचा वाढता खप, सावकाश तयार होणाऱ्या नळ्यांची किंमत आणि थंडींत जड होणारें इंजिन यांमुळें गिऱ्हाइकांचा उत्साह मावळत गेला. विलिसनें १९३३ सालीं हें इंजिन सोडलें, आणि त्याच सुमारास डेम्लरही जुन्या झडपेकडे परतली.

येथें कथा संपली असती तर फार सोपी झाली असती. पण ज्या रिकार्डोनें नळी-झडपेला रणगाड्यांतून काढलें, तोच पुढें तिचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता झाला! याला चंचलपणा म्हणणें अन्यायाचें होईल. पहिल्या महायुद्धानंतर त्यानें पेट्रोलाच्या ज्वलनाचा सखोल अभ्यास केला. इंजिनांतून अधिक काम काढावयाचें तर मिश्रण अधिक आवळावें लागतें. पण फार आवळलें तर तें वेळेआधींच आपोआप पेटतें आणि इंजिन ठोठावूं लागतें. ही आग लावण्यांत नळकांड्यांतील लालभडक झडपेचा मोठा वांटा असतो. तेव्हां ती झडपच काढून टाकली तर? एकच नळी, जी खालींवर सरकतां सरकतां थोडी वळतेही, अशी बर्ट व मॅकॉलम यांची जुनी कल्पना रिकार्डोनें हातीं घेतली. वळण्यामुळें तेल सारखें पसरतें, आणि नाइटच्या दुहेरी नळीइतका तेलाचा खप होत नाहीं.

विमानांची इंजिनें करणाऱ्या ब्रिस्टल कंपनीचा रॉय फेडन या कल्पनेनें झपाटला. त्याचें ‘पर्शिअस’ इंजिन १९३२ सालीं पुढें आलें. एक नळी हातानें घांसून नीट बसविणें शक्य होतें. परंतु कोणतीही नळी कोणत्याही नळकांड्यांत तितकीच नेमकी बसावी, अशा हजारों नळ्या यंत्रावर करणें ही निराळीच गोष्ट. पातळ पोलादी नळी घडवितांना किंचित् लंबगोल होते, तापली कीं आणखी फुगते, आणि तिच्यावर चालणारा दट्ट्या अडकतो. योग्य पोलाद आणि घांसण्याची योग्य रीत सांपडण्यांत ब्रिस्टलचीं अनेक वर्षें गेलीं. शेवटीं यश आलें, तें मात्र पूर्ण आलें: दुसऱ्या महायुद्धांतलें त्यांचें ‘हर्क्युलीझ’ इंजिन ५७,००० हून अधिक संख्येनें तयार झालें. उलट नेपिअर कंपनीच्या चोवीस नळकांड्यांच्या ‘सेबर’ इंजिनाची कहाणी पाहावी. दोन हजार अश्वशक्तीच्या वरचें हें इंजिन घेऊन ‘टायफून’ विमानें १९४१ सालीं सैन्यांत दाखल झालीं. नळ्या वांकड्या होत, तेलाचा पडदा फाटे, इंजिन आकाशांतच बंद पडे. विमानें गेलीं, वैमानिकही गेले. अखेर ब्रिस्टलचा अनुभव उपयोगी पडून ती अडचण दूर झाली. कागदावर सारखीच असलेली कल्पना एका कारखान्यांत चालते व दुसऱ्यांत चालत नाहीं, कारण जें चालतें तें कागदावर नसतें. तें पोलादाच्या कृतींत, घांसणीच्या यंत्रांत आणि कारागिरांच्या हातांत असतें.

मग ही सुधारलेली नळी-झडप मोटारींत कां उतरली नाहीं? कारण एवढ्या वर्षांत जुनी झडपही स्वस्थ बसली नव्हती. सॅम हेरन या इंग्रज इंजिनियरनें अमेरिकेंत झडपेची दांडी पोकळ करून ती सोडियम धातूनें अर्धवट भरण्याची रीत सिद्ध केली. सोडियम ९८ अंशांवरच वितळतें. झडप हलूं लागली कीं तें आंत डचमळत राहतें, आणि तापलेल्या तोंडाची उष्णता उचलून दांडीकडे नेतें. लिंडबर्गनें मे १९२७ मध्यें एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडला तेव्हां साडेतेहेतीस तास अखंड चाललेल्या त्या इंजिनांत अशाच थंड राखलेल्या झडपा होत्या. इकडे पेट्रोलही सुधारलें. तें सहजासहजीं वेळेआधीं पेटेनासें झालें. म्हणजे ज्या दोषाकरितां रिकार्डोला झडप काढून टाकावयाची होती, तो दोष तोंवर बराचसा नाहींसा झाला. नव्या कल्पनेची लढाई जुन्या कल्पनेच्या कालच्या रूपाशीं होत नसते, उद्यांच्या रूपाशीं होत असते, आणि हें उद्यांचें रूप घडविण्यांत शेंकडों कारखाने गुंतलेले असतात. नळी-झडपेच्या बाजूला दोनतीन कारखाने होते. १९४५ नंतर विमानांत जेट इंजिनें आलीं, आणि तिचा तोही आश्रय सुटला.

पेट्रोल सुधारलें, पण तें कसें सुधारलें हें मात्र अभिमानानें सांगण्यासारखें नाहीं. १९२१ सालीं थॉमस मिजली याला असें आढळलें कीं शिशाचें एक संयुग पेट्रोलांत मिसळल्यास ठोठावणें थांबतें. १९२३ पासून असें पेट्रोल अमेरिकेंत विकलें जाऊं लागलें. या शिशाचा झडपेला आणखी एक फायदा झाला, तो कोणी योजलेला नव्हता. जळलेल्या शिशाचा सूक्ष्म थर बैठकीवर बसे आणि दर वेळीं आदळणाऱ्या झडपेला तो गादीसारखा होई. त्यामुळें कारखानदार साध्या बिडाच्या बैठकीवर निर्धास्त राहिले. तें शिसें हवेंत जाऊन शहरांतील मुलांच्या रक्तांत उतरत होतें, हें कळूनही तें काढून टाकण्यास फार काळ लागला. जुन्या गाड्यांच्या झडपांच्या बैठकी झिजतील, हा त्या वेळच्या आक्षेपांपैकीं एक. आक्षेप खोटा नव्हता. परंतु त्याला उपायही ठाऊक होता: बैठकीचा धातु विजेनें तापवून कठीण करणें, किंवा तेथें कठीण पोलादाचें कडें बसविणें. अमेरिकेंत हे उपाय १९७० च्या दशकाच्या आरंभीं रूढ झाले. भारतांत सर्वत्र शिसें-विरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आलें, आणि मोटारींसाठींचें शिसेंयुक्त पेट्रोल जगांतून नाहींसें व्हावयास २०२१ साल उजाडलें. झडपेच्या स्थैर्याचें कौतुक करतांना या सुमारें शंभर वर्षांचा हिशेबही दुसऱ्या बाजूला मांडावा लागेल.

दिरंगाईचें दुसरें एक उदाहरण तितकें दुःखद नाहीं, परंतु तें मोठें बोलकें आहे. १९१२ सालीं दिएप येथें झालेल्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतींत पझो कंपनीची गाडी चालवून जॉर्ज ब्वालो जिंकला. त्याचें इंजिन ७.६ लिटरचें होतें, आणि त्यानें मागें टाकलेल्या फियाटचें १४ लिटरचें. पझोच्या इंजिनांत प्रत्येक नळकांड्याला दोनांऐवजीं चार झडपा, त्या माथ्यावर, आणि त्यांना हलविणारे दोन कॅमशाफ्टही माथ्यावरच. एका मोठ्या झडपेपेक्षां दोन लहान झडपा हलक्या असतात, वायूला वाट अधिक देतात, आणि ठिणगी बरोबर मध्यावर बसवितां येते. हें सर्व १९१२ सालीं सिद्ध झालें. तरीही चार झडपांचें इंजिन सामान्य कुटुंबाच्या गाडींत बसूं लागलें तें १९८० च्या दशकांत; टोयोटानें अशी रचना आपल्या साध्या घरगुती गाड्यांत १९८६ पासून आणण्यास प्रारंभ केला. मध्यें जवळजवळ पाऊणशें वर्षें गेलीं! आणि या काळांत बहुसंख्य लोक कशांत बसत होते? फोर्डची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली, तींत झडपा माथ्यावरही नव्हत्या, नळकांड्याच्या बाजूला होत्या. तीच रचना अमेरिकन फोर्डच्या आठ नळकांड्यांच्या इंजिनांत १९५३ पर्यंत चालू राहिली. गंमत अशी कीं या बाजूच्या झडपेचें आयुष्य वाढविण्यासही रिकार्डोच कारण झाला. १९१९ सालीं त्यानें नळकांड्यावरील झांकणाचा आकार असा कांहीं बदलला कीं मिश्रण घुसळलें जाऊन तें लवकर जळावें. त्यामुळें ही स्वस्त रचना आणखी तीस वर्षें तग धरून राहिली.

शर्यतींत सिद्ध झालेली गोष्ट घरगुती गाडींत कां येत नव्हती? फोर्डच्या गिऱ्हाइकाला ताशीं शंभर मैल जावयाचें नव्हतें. त्याला बाजारांत जावयाचें होतें, आणि कोठेंही दुरुस्त होणारी गाडी हवी होती. चार नळकांड्यांस आठांऐवजीं सोळा झडपा म्हणजे सोळा बैठकी घांसणें, सोळा स्प्रिंगा, दोन कॅमशाफ्ट, लांब सांखळी. शिवाय मोठ्या कारखान्यांत इंजिनाचा ठोकळा यंत्रांच्या लांब रांगेंतून पुढें सरकतो, आणि प्रत्येक यंत्र एकाच कोनांत एकच भोंक पाडण्यासाठीं उभारलेलें असतें. झडपेचा कोन दोन अंशांनीं बदलावयाचा म्हणजे त्या रांगेचा मोठा भाग मोडींत काढावयाचा. अशी रांग उभी करण्याचा खर्च वीसतीस वर्षांच्या विक्रींतून वसूल व्हावयाचा असतो. १९७३ मध्यें पेट्रोल एकाएकीं महागलें, अमेरिकेंतील धुराविरुद्धचे कायदे कडक झाले, इंधन मोजून देण्यास विजेचीं साधनें मिळालीं, तेव्हां कोठें ती रांग मोडणें परवडूं लागलें. पझोनें जें दाखविलें तें चुकीचें नव्हतें. तें विकत घेण्याचें कारण उत्पन्न व्हावयास सत्तर वर्षें लागलीं.

याहून निराळ्या कारणानें होणारी दिरंगाई मुंबईकरांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार होणाऱ्या फियाट आणि पुढें पद्मिनी या गाड्यांचें १०८९ घनसेंटिमीटरचें इंजिन मूळचें इटलींतील १९३७ सालचें. कॅमशाफ्ट खालीं, तेथून उभ्या काड्या वर गेलेल्या, आणि त्या काड्या माथ्यावरील झडपा ढकलणार. इटलींत तें कधींच मागें पडलें. येथें मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तें निघत राहिलें. परवान्यांच्या राज्यांत गाडीसाठीं गिऱ्हाईकच वर्षानुवर्षें रांगेंत उभें असे, तेथें नवें इंजिन काढण्याची निकड कोणास? ही दिरंगाई इंजिनियरीच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. तथापि तिच्याबरोबर एक विद्या वाढली, तीही नमूद करावयास हवी. गॅरेजांतील मिस्त्री हेड उतरवून झडपेच्या कडेला पेस्ट लावी, रबरी वाटी असलेली काठी तिला चिकटवी, आणि ताक घुसळतांना रवी फिरवावी तशी ती काठी दोन तळहातांत उलटसुलट फिरवून झडप तिच्या बैठकीवर घांसत बसे. कडेवर सारखें राखी रंगाचें वलय उमटलें म्हणजे काम झालें. मग वाटेंत थोडें रॉकेल ओतून तें झिरपतें काय हें पाहावयाचें. मुंबईच्या टॅक्सींना पुढें सी. एन. जी. आला. हा वायु कोरडा, त्यानें बैठकी लवकर झिजूं लागल्या, तेव्हां कठीण कडीं बसविण्याचें कामही याच गॅरेजांतून होऊं लागलें. नळी-झडपेची नळी अशी कोपऱ्यावरच्या गॅरेजांत घांसतां आली नसती. तिला पुन्हां कारखान्याचेंच दार ठोठवावें लागलें असतें. पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाल्या.

गेल्या पन्नाससाठ वर्षांत बदल झालाच नाहीं असें नव्हे. तो झडपेंत कमी झाला आणि तिला हलविणाऱ्या साधनांत अधिक झाला. वेग फार वाढला कीं स्प्रिंगला झडप मागें ओढण्यास अवधि मिळत नाहीं. झडप अधांतरीं राहते आणि प्रसंगीं दट्ट्यावर आदळते. यावर स्प्रिंगच नको, उघडण्यास एक उंचवटा आणि मिटण्यास दुसरा, अशी रचना मर्सिडीसनें १९५४ व १९५५ सालच्या शर्यतींत वापरून विजय मिळविले. इटलींतील डुकाटी कंपनीनें तर १९५६ पासून मोटरसायकलींत तिला कुलदैवतच केलें. फॉर्म्युला वनमध्यें रेनोनें १९८६ सालीं पोलादी स्प्रिंगच्या जागीं दाबलेल्या वायूची गादी बसविली. घरगुती गाड्यांत होंडानें १९८९ सालीं झडप किती व केव्हां उघडावी हें वेगाप्रमाणें बदलण्याची सोय आणली, आणि बी. एम. डब्ल्यू. नें २००१ पासून इंजिनाचा जोर झडपेच्या उघडण्यावरूनच कमीजास्त करण्याची रचना सुरू केली. हीं सुधारणांचीं कामें लहान नव्हेत. पेट्रोलाची बचत त्यांतूनच झाली.

कॅमशाफ्टच काढून टाकून प्रत्येक झडप विजेनें किंवा दाबलेल्या हवेनें स्वतंत्रपणें हलवावी, ही कल्पना तर फारच मोहक आहे, आणि अशीं इंजिनें चालवूनही दाखविण्यांत आलीं आहेत. २०१६ सालीं कोरोस या चिनी कंपनीनें असें इंजिन ग्वांगझूच्या प्रदर्शनांत मांडलें होतें. अडचण उघडण्याची नसून मिटण्याची आहे. कॅमचा उंचवटा शेवटीं असा हलका उतार देतो कीं झडप बैठकीवर आदळत नाहीं, टेंकते. निजलेल्या मुलाला पाळण्यांत ठेवावें तशी ती ठेवावी लागते, तेंही सेकंदाला पंचवीस वेळां. विद्युच्चुंबक मात्र लोखंड जवळ येईल तसतसा अधिक जोरानें ओढतो, म्हणजे नेमक्या नको त्या क्षणीं त्याचा जोर वाढतो. हें सांवरतां येतें, पण तें महाग पडतें. आणि एकदां हुकलें तर झडप व दट्ट्या यांची गांठ पडते. घडीव पोलादाचा उंचवटा कधीं हुकत नाहीं.

डुकाटीनें २०२० सालीं आपल्या नव्या चार नळकांड्यांच्या ‘ग्रानतुरीस्मो’ इंजिनांत, सहा दशकांहून अधिक काळ मिरविलेली आपली स्प्रिंगविरहित रचना सोडून, पुन्हां साधी स्प्रिंग घेतली. कारण असें दिलें कीं आतां झडपांची तपासणी ६०,००० किलोमीटरांनंतर केली तरी चालेल. विजेवर चालणाऱ्या मोटारींत झडपच नसते, आणि कारखान्यांचा संशोधनाचा पैसा आज मुख्यतः तिकडे वळला आहे. तेव्हां भुईछत्री झडपेला हरविण्यासाठीं पूर्वींसारखा खजिना कोणी ओतील असें दिसत नाहीं. हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनांचे कांहीं ठिकाणीं प्रयोग चालू आहेत. तो वायुही कोरडाच, त्यामुळें बैठकीच्या झिजेचा जुना प्रश्न तेथें पुन्हां उभा राहिला आहे, आणि त्यासाठीं निरनिराळ्या धातूंचीं कडीं तपासून पाहण्यांत येत आहेत.